कात्रजची तीन नंबरची गाडी

जयसिंगच्या गाडीत चढणाऱ्याला आपण कोण हे सांगावं लागत नसे. तो स्टिअरिंगमागे बसल्या बसल्या दाराकडे मान वळवायचा आणि प्रत्येकाला काहीतरी विचारायचा. "पोरगी पास झाली का?" "आईचं ऑपरेशन कधी हाय?" "आज डबा नाय? भांडण झालं वाटतं." ज्याला विचारण्यासारखं काही नसेल त्याला नुसतं "या" म्हणायचा, पण ते 'या' घराच्या उंबऱ्यावरून म्हणावं तसं असायचं.

गाडी कंपनीची होती. मोटारींच्या दारात बसणारी बटणं आणि वायरींचे जोड बनवणारी ही कंपनी खराडीत आहे. आजूबाजूच्या जुन्या शेड एकेक करून गेल्या, त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या आणि मधे ही एवढी उरली. सकाळच्या पाळीचे कामगार आणायला कंपनीच्या तीन बसगाड्या होत्या. एक वाघोलीकडून यायची, दुसरी हडपसरकडून, आणि तिसरी कात्रजहून निघून बिबवेवाडी, लुल्लानगर, फातिमानगर, मुंढवा असं करत खराडीला पोचायची. ती जयसिंगची.

जयसिंग मांगडेवाडीचा. कात्रजच्या पलीकडची ही वाडी महापालिकेत यायच्या कितीतरी आधी त्यांची शेतं बिल्डरकडे गेली होती. तिघा भावांना पैसे मिळाले, फ्लॅट मिळाले. थोरल्या दोघांनी लॉन काढलं, लग्नसराईत ते जोरात चालायचं. जयसिंगला त्यात करायला काही नव्हतं. शेत होतं तेव्हा ट्रॅक्टर त्याच्याकडे असायचा. शेत गेल्यावरही तो पहाटेच उठायचा, चहा घ्यायचा आणि चौथ्या मजल्याच्या गॅलरीत बसून हायवेवरच्या गाड्या बघायचा. त्याची बायको विजयमाला सांगते, "दोन वर्षं हे गॅलरीत बसले. कुंडीतलं झाडसुद्धा इतकं एका जागी बसत नाही." मग कुणाकडून तरी कंपनीला ड्रायव्हर हवा असल्याचं कळलं आणि तो जाऊन उभा राहिला.

भाऊ चिडले. "आपल्या दारात चार गाड्या उभ्या हायत, आन् हा दुसऱ्याची हाकतोय."

"उभ्या हायत म्हणूनच," जयसिंग म्हणाला.

गाडीतली माणसं पुष्कळ वर्षं तीच होती. स्टोअरमधले सोनबाकाका सगळ्यांत जुने, निवृत्तीला आलेले. ते कात्रजलाच चढायचे आणि मागच्या बाकावर आडवे व्हायचे. टूलरूममधला शुभंकर लुल्लानगरला धावत यायचा, रोज उशिरा, रोज बूट हातात घेऊन. आणि अप्परला चढायची शालन.

बिबवेवाडीचा वरचा, डोंगराच्या अंगाचा भाग म्हणजे अप्पर. तिथल्या एका चढाच्या गल्लीत शालन भाड्यानं राहायची. मूळची वाशीमकडची, लग्न होऊन पुण्यात आलेली. नवरा वैजनाथ एका टॉवरवर वॉचमन होता, तो वारला. मुलगी पूर्णिमा फार्मसीचा डिप्लोमा करत होती. शालनच्या डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झालेला, त्यामुळे पायाला मांडीपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर. कंपनीत तिचं काम टेबलावर बसून, बटणं तपासायचं. ते ती करू शकत होती. उभ्यानं करायचं कुठलंही काम तिला जमणारं नव्हतं, आणि पायऱ्यांवरच्या गर्दीत घुसून सिटी बस पकडणं तर नाहीच. जयसिंग गाडी तिच्या गल्लीच्या तोंडाशी आणायचा, डावी चाकं फुटपाथला लावून, म्हणजे पायरी तिला बुटकी पडायची. पुढचं एकट्याचं सीट तिचं. तिथून तिची जीभ खराडीपर्यंत सुरू असायची.

"भाऊ, मगाशी एक खड्डा चुकला तुमचा. परत घ्या की मागं, त्याला वाईट वाटलं असेल."

"ताई, तुमी टेबलावर बटनं तपासता का मानसं?"

"माणसं तपासली असती तर एवढ्या गाडीत तीनच पास झाली असती."

"मी हाय का त्यात?"

"तुमचं बघू. ग्रेस मार्क देऊन."

कुणाचं बाळंतपण, कुणाचा घटस्फोट, कुणाच्या मुलाचा प्रवेश, सगळं त्या गाडीत आधी कळायचं आणि मग घरी. शालनचा नवरा गेला तेव्हा तेराव्याला सगळी गाडी अप्परच्या गल्लीत उभी होती, आणि तेराव्यानंतर ती पहिल्यांदा कामाला निघाली त्या सकाळी जयसिंगनं तिला काहीही विचारलं नव्हतं. नुसतं "या" म्हणाला होता.

मग कंपनीनं तिन्ही गाड्यांच्या दाराशी कार्ड लावायचं मशीन बसवलं. चढताना ओळखपत्र मशीनला टेकवायचं, मशीन टिक करणार, आणि कोण चढलं ते ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर दिसणार. गेटवरची हजेरी अंगठ्यानं व्हायची, तिचा या कार्डाशी संबंध नव्हता, त्यामुळे कार्ड बरोबर ठेवायची सवय कुणाला नव्हतीच. इतर दोन गाड्यांवर एजन्सीचे ड्रायव्हर होते. त्यांनी पहिल्या दिवसापासून लोकांना कार्ड लावायला लावलं. कात्रजच्या गाडीत पहिल्या सकाळी सोनबाकाकांनी ओळखपत्र काढलं, मशीनला टेकवलं, आणि मशीन बायकी आवाजात म्हणालं, "थँक यू."

गाडी हसली. जयसिंग हसला नाही. "हिचं काय म्हणून आभार? गाडी मी चालवतोय," तो म्हणाला. "आन् काका, तुमी मला कार्ड दाखवनार? मी वळखत नाय का तुमाला?"

त्याला ते खरंच लागलं होतं. त्याच्या वाडीत दारात आलेल्या माणसाला नाव विचारलं की तो परका ठरतो. रोज शेजारी बसणाऱ्यानं रोज ओळख पटवून द्यायची, हे त्याला अपमानासारखं वाटलं, आणि अपमान आपला नव्हे, त्यांचा. लोकांनाही ते पटलं. कार्डं परत खिशात गेली. दसऱ्याला गाडीची पूजा झाली तेव्हा मशीनलाही झेंडूचा हार घातला गेला, कारण ते गाडीचाच भाग होतं. हार सुकला तरी कुणी काढला नाही. पुढे त्या मशीनच्या कोपऱ्याला शालन आपली डब्याची पिशवी अडकवू लागली. ऑफिसातून दोन-तीनदा निरोप आला, कार्ड लावत चला. जयसिंग "हो" म्हणाला आणि विसरला. त्या वर्षी ऑफिसातलंही कुणी पुन्हा विचारायला आलं नाही.

याच काळात कंपनीच्या रांजणगावच्या नव्या कारखान्यात काम वाढलं होतं. तिथे यंत्रं कमी पडत होती, आणि खराडीत काही यंत्रं दिवसातून थोडाच वेळ चालत होती. हेड ऑफिसनं ठरवलं की नवं विकत घेण्याआधी जुनं कुठे पडून आहे ते बघायचं. मग एकेक वस्तू हलू लागली. आधी प्लॅस्टिक ओतायचं एक मोठं यंत्र ट्रेलरवर चढलं. इथे ते एका पाळीत अर्धवट चालायचं, तिथे तिन्ही पाळ्या चालू लागलं. मग स्टोअरचे लोखंडी रॅक गेले, मग कॅन्टीनमधलं कणीक मळायचं यंत्र. कुणाची नोकरी गेली नाही. उलट त्या दिवाळीला बोनस जरा बरा आला, आणि तो त्यातूनच आला असं युनियनचे लोकही म्हणत होते.

जयसिंगला यात काहीच गैर वाटत नव्हतं. "बैल दावनीला बांधून ठेवला तरी वैरन खातोच," तो म्हणायचा. "मंग ज्याच्याकडं नांगरट हाय त्याला द्यावा."

"काका, सांभाळून," शुभंकर मागच्या बाकाकडे बघून ओरडायचा. "तुम्ही दिवसभर हलत नाही. तुम्हालाही उचलतील."

"मला उचलायला ट्रेलर नको," सोनबाकाका डोळे न उघडता म्हणायचे. "चौघं पुरतील."

आपली गाडी कुणी उचलेल असं त्यातल्या एकाच्याही मनात आलं नाही. ती तर भरलेली असायची. फातिमानगरनंतर चढणाऱ्याला बसायला जागा मिळाली तर तो स्वतःला नशीबवान समजायचा.

कॅन्टीनच्या फळ्यावर सूचना लागली ती मार्चमध्ये. कात्रज मार्गावरच्या बसचा वापर अत्यल्प असल्यानं मे महिन्यापासून ती रांजणगाव कारखान्याकडे वर्ग होणार, संबंधित कामगारांना प्रवासभत्ता मिळणार. शालननं ती सूचना वाचली, डबा न उघडता तशीच बसली, आणि मग बाहेर गाडीच्या सावलीत बसलेल्या जयसिंगकडे गेली.

"भाऊ, अत्यल्प म्हणजे आपण का?"

जयसिंग तडक ऑफिसात गेला. प्रशासन आणि वाहतूक बघणाऱ्या नीरजा मॅडम तिशीतल्या, कामाला चोख, बोलायला साध्या. त्यांनी त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही.

"मॅडम, कायतरी चुकलंय. दुसऱ्या गाडीचं माज्या गाडीवर लिवलंय कुनीतरी."

त्यांनी स्क्रीन त्याच्याकडे वळवला. तीन गाड्यांचे तीन रंगीत खांब होते. दोन उंच होते. तिसरा जमिनीलगत होता. "कात्रज. सरासरी सहा माणसं. भाऊ, पस्तीस सीटच्या गाडीत सहा. वर विचारलं मला, ही गाडी का पळवताय म्हणून. रांजणगावला आपण भाड्यानं बस घेतोय. मी काय सांगणार होते?"

"सहा?" जयसिंगला हसू आलं. "अहो, सहा तर नुसती अप्परला चढत्यात."

"कार्ड लावतात का ते?"

त्याचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि मग गेलं. ते सहा कोण असतील तेही त्याला कळलं. नव्यानं लागलेली, गाडीत अजून न रुळलेली पोरं. ज्यांना त्यानं अजून नावानं हाक मारायला सुरुवात केली नव्हती तेवढीच माणसं कंपनीच्या कॉम्प्युटरला माहीत होती.

"मला वाटलं, तुमाला दिसत असंल," तो म्हणाला. "गाडी रोज गेटातनं भरून येती. तुमच्या खिडकीखालनं."

"मी नऊला येते, भाऊ." नीरजा मॅडमनी स्क्रीन परत वळवला. मग म्हणाल्या, "निर्णय झालेला आहे. पण अजून वेळ आहे. या महिन्यात सगळ्यांना कार्ड लावू दे. खरे आकडे आले की मी वर पुन्हा पाठवते. माझ्या नावावर पाठवते. पण खरे हवेत."

दुसऱ्या दिवशी अप्परला गाडी थांबली. शालननं कॅलिपर सावरत पायरीवर पाय ठेवला. जयसिंग समोरच्या रस्त्याकडे बघत होता.

"ताई, ते… कार्ड लावा जरा."

"काय म्हणालात?"

"कार्ड."

तिनं सवयीनं अडकवलेली पिशवी बाजूला केली, सुकलेला हार काढून खिडकीबाहेर टाकला आणि कार्ड टेकवलं. मशीन थँक यू म्हणालं. "बघा," ती म्हणाली, "हिला तरी रीत आहे." पण ती हसली नाही, आणि त्या दिवशी एकही खड्डा तिनं मोजला नाही.

कुणालाही गंमत सुचत नव्हती. शालनला तर मुळीच नाही. इतरांकडे काही ना काही उपाय होता. शुभंकर बाईक घेणार होता. फातिमानगरच्या बायका मिळून रिक्षा लावणार होत्या. सोनबाकाका थोड्या महिन्यांसाठी भाच्याकडे मुंढव्याला राहणार होते. शालननं सगळं मनातल्या मनात करून पाहिलं होतं. रोजची रिक्षा भत्ता धरूनही पगाराला परवडत नव्हती. खराडीत घरभाडं अप्परच्या दुपटीवर होतं. सिटी बसनं जायचं तर स्वारगेटला उतरून दुसरी बस, आणि सकाळच्या स्वारगेटला बसमध्ये चढायचं म्हणजे आधी लोकांमधून चढायचं. तिच्यासाठी प्रश्न सोपा होता: गाडी राहिली तर नोकरी राहणार होती.

तीन आठवडे सगळ्यांनी इमानदारीनं कार्ड लावलं. तिसरा खांब रोज वर सरकत होता. नीरजा मॅडमनी गेटवर भेटून जयसिंगला सांगितलंही, "छान चाललंय, भाऊ. असंच ठेवा."

मग शुभंकरचं लग्न आलं. सासवडला, शुक्रवारी. मुहूर्त सकाळचा, म्हणून रजा घेणं भाग होतं, आणि गाडीतल्या मुलाच्या लग्नाला गाडीतल्या लोकांनी जायचं नाही हे शक्यच नव्हतं. अर्ध्याहून जास्त लोकांनी रजा टाकली. फक्त एकच काळजी होती, ती गुरुवारी परतताना सोनबाकाकांनी बोलून दाखवली. "एका दिवसात गाडी रिकामी दिसली तर तीन आठवड्यांचं पाणी होईल. ज्यांना जायचंय त्यांनी कार्डं माझ्याकडं द्या. मी गुडघ्यापायी लग्नाला येत नाहीच. लावतो तुमच्या वतीनं."

लोकांना ते फसवणूक वाटली नाही. ही माणसं रोज असतातच, एक दिवस नाहीत एवढंच. वर्गणी नाही का एकमेकांची भरत, पूजेला एकानं बसायचं आणि पुण्य सगळ्यांना. कार्डं गोळा झाली. शालननं ऐकलं, पण तिला वाटलं काका नुसतं बोलताहेत.

शुक्रवारी सकाळी गाडीत जेमतेम पंधराएक माणसं होती. अप्परला शालन चढली, आणि तिच्यामागे सोनबाकाका सीटवरून उठून दाराशी आले. हातात रबरबँड लावलेला कार्डांचा गठ्ठा. थँक यू. थँक यू. थँक यू.

"काका, काय करताय?"

"गाडी भरतोय."

"जे नाहीत ते नाहीत म्हणा. एक दिवस कमी दिसलं तर दिसलं. लग्न होतं म्हणून सांगता येईल."

"तुला गाडी वाचवायचीय ना, शालन?"

"मलाच वाचवायचीय. बाकी तुम्ही सगळे पोचाल कसेही. म्हणून सांगतेय, कायले करता?" घाबरली की तिच्या तोंडात वाशीम यायचं. "मॅडम खरं मागतात अन् तुम्ही…"

थँक यू. काका थांबले नाहीत. दोन-तीन जण मागून म्हणाले, "राहू दे ताई, आपलंच आहे." शालननं मग समोरच्या आरशात बघितलं. आरशातून जयसिंग तिला दिसत होता आणि ती त्याला. गाडी त्याची होती. त्यानं एक शब्द उच्चारला असता तर काकांचा हात खाली आला असता, हे दोघांनाही माहीत होतं.

जयसिंगनं नजर काढून घेतली आणि गिअर टाकला.

सोमवारी नीरजा मॅडमनी बोलावलं. या वेळी त्यांनी बसायला सांगितलं नाही.

"भाऊ, शुक्रवारी गाडीत किती माणसं होती?"

खोटं बोलायचं त्याच्या मनातही आलं नाही. "पंधरा-सोळा."

"मशीनमध्ये एकोणचाळीस आहेत. गेटवर त्यातल्या तेवीस जणांची रजा आहे. दोन्ही आकडे हेड ऑफिसला एकाच वेळी दिसतात." त्या रागावल्या नव्हत्या, ते जास्त वाईट होतं. "मी माझ्या नावावर पाठवलं होतं. आता ते म्हणतात, तीन आठवड्यांचं सगळंच असं बनवलेलं असणार. काय उत्तर देऊ?"

"बाकीचे दिस खरे हुते, मॅडम. आईशप्पथ."

"मला माहीत आहे. पण आता ते मला माहीत असून उपयोग नाही."

एप्रिल संपता संपता गाडीत बोलणं जवळजवळ थांबलं. सोनबाकाका मागच्या बाकावर आडवे होत नव्हते, ताठ बसून खिडकीबाहेर बघायचे. शुभंकरची नवी बायको पेढे घेऊन एकदा स्टॉपवर आली होती, तिला काही समजलं नाही, सगळ्यांनी पेढा घेतला आणि कुणी थट्टा केली नाही.

शेवटच्या आठवड्यात जयसिंगनं शालनला विचारलं. दारात चार गाड्या आहेत, तो रोज तिला सोडेल, परत आणेल. त्याला तसंही सकाळी काम नसणार.

"नको, भाऊ."

"परकं समजता का?"

"परकं नाही. ही गाडी हक्काची होती. ती आली नाही तर मी कंपनीला विचारू शकत होते, का नाही आली म्हणून. तुमची नाही आली तर मी कुणाला विचारू? अन् वहिनींना एक दिवस ताप आला, तर मी तुमच्या फोनची वाट बघत गल्लीत उभी राहू?" मग म्हणाली, "बघते मी. बसनं बघते."

तिनं खरंच बघितलं. मे महिन्यात ती अप्परहून स्वारगेट, स्वारगेटहून खराडी असं जात राहिली. कंडक्टर चांगले भेटले, वाईट भेटले. कधी अपंगांच्या जागेवर बसलेला माणूस उठायचा, कधी मोबाइलमध्ये बघत राहायचा. लाइनवर ती उशिरा पोचू लागली. सुपरवायझरनं जमेल तितकं झाकलं. एका सकाळी स्वारगेटला मागून लोटणाऱ्या गर्दीत तिचा पाय पायरीवरून सुटला आणि कॅलिपरचा गुडघ्याजवळचा सांधा मोडला. ती स्टँडच्या कट्ट्यावर बसून राहिली, पूर्णिमा येईपर्यंत. जूनमध्ये तिनं राजीनामा दिला. कंपनीनं तिला काढलं नाही. तिच्या कागदावर 'वैयक्तिक कारणामुळे' असं लिहिलेलं आहे.

गाडी रांजणगावला शेवटी जयसिंगनंच नेली, दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला त्याचं मन झालं नाही. तिथे ती शिरूर ते कारखाना अशा दिवसाला तीन फेऱ्या करू लागली. प्रत्येक फेरीला उभ्यानं माणसं. रांजणगावनं भाड्याची बस बंद केली. ज्यांनी हे ठरवलं त्यांच्या हिशेबात ते बरोबर निघालं, आणि शिरूरकडच्या ज्या पोरी-पोरांची रोजची पायपीट वाचली त्यांच्याही. जयसिंगला हे दिसत होतं. तो आठवडाभर तिथे राहायचा, रविवारी घरी यायचा. पाऊस सुरू झाला तेव्हा त्यानं चावी तिथल्या ऑफिसात दिली आणि परत आला.

विजयमालानं त्याला पुन्हा गॅलरीत बसलेलं बघितलं. चार दिवस तसंच चाललं. पाचव्या दिवशी दुपारी त्याच्या हातात केळ्यांची पिशवी दिली. "अप्परला जाऊन या. तोंड चुकवून किती दिवस फिरणार? अहो, ती काय खाणार आहे तुम्हाला?"

शालनचं घर पहिल्या मजल्यावर होतं. इतकी वर्षं तो गल्लीच्या तोंडापर्यंत यायचा, तेराव्यालाही खाली गल्लीतच थांबला होता, घरात कधी आला नव्हता. जिना अरुंद आणि उभा होता. तो चढताना त्याच्या मनात आलं, रोज सकाळी माझ्या गाडीपर्यंत पोचायला ही आधी हा जिना उतरायची.

ती जमिनीवर पाय लांब करून बसली होती. भोवती अगरबत्तीच्या पुड्यांचे ढीग. पुड्यांत काड्या भरून तोंडं चिकटवायचं काम तिनं घरी आणलं होतं. खोलीभर मोगऱ्याचा उग्र वास होता. पूर्णिमा दिसली नाही.

"कॉलेजला?" त्यानं विचारलं.

"दुपारी मेडिकलच्या दुकानात बसते. कॉलेज जमेल तसं." तिनं एक पुडी चिकटवली. "बसा. खुर्चीवरचे ढीग खाली ठेवा. उलटसुलट करू नका, मोगरा न् चंदन वेगळं आहे."

तो बसला. जे बोलायला आला होता ते त्यानं घाईघाईनं बोलून टाकलं. कार्ड त्यानंच लावू दिलं नाही. त्याच्या डोक्यात भलतंच होतं. पहिल्या दिवसापासून लावलं असतं तर गाडी आज अप्परला आली असती. त्याच्यामुळे तिचं हे झालं.

शालन पुड्या चिकटवत ऐकत होती. त्याचं संपल्यावर म्हणाली, "त्याचा मला राग नाही, भाऊ. खरंच नाही. तुम्ही कार्ड मागितलं असतं तर सगळ्यांनी लावलं असतं, अन् ती बाकीच्या दोन गाड्यांसारखी गाडी झाली असती. माझा नवरा गेल्यावर मी ज्या गाडीत चढले ती तशी नव्हती म्हणून मी चढू शकले. ती चूक तुम्ही पुन्हा केलीत तरी मी काही म्हणणार नाही."

त्यानं मान वर केली. त्याला वाटलं, संपलं.

"पण त्या शुक्रवारी," ती म्हणाली, "मी आरशात बघितलं होतं तुमच्याकडं."

"बघितलं मी."

"मग?"

बाहेर गल्लीत कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. जयसिंगनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "सगळी आपलीच मानसं हुती, ताई. काकांना चारचौघांत कसं थांबवू? लग्नाला गेलेल्यांनी इश्वासानं कार्डं दिलेली. मला कुनाला नाय म्हनता यीना."

"मला 'नाय' म्हणालात की," शालन म्हणाली.

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिनं फक्त जे झालं ते सांगितलं. मग हातातली पुडी चिकटवून मोगऱ्याच्या ढिगावर ठेवली आणि पुढची घेतली.

तिनं त्याला जा म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. चहा हवा का विचारलं, तो नको म्हणाला. शेवटी तो उठला, खुर्चीवरचे ढीग जसे होते तसे परत लावले, चंदन इकडे, मोगरा तिकडे, आणि दारात जाऊन चपला घातल्या.

"उतरताना सांभाळा," आतून ती म्हणाली. "तिसरी पायरी हलते."

जयसिंग भिंतीला हात लावून खाली उतरू लागला.